सात नंबरचं अक्षर

गो-लाइव्हचा, म्हणजे ऑफिसचा हिशोब जुन्या प्रोग्रामवरून क्लाउडवरच्या नव्यावर सुरू झाल्याचा, तिसरा दिवस होता. दोन रात्री धड झोप नाही, प्रत्येक रिपोर्ट जुन्याशी ताडून बघून झालेला, रोलबॅक करायची, म्हणजे परत जुन्यावर जायची वेळ आली नव्हती, आता खांदे जरा सैल सोडायला हरकत नव्हती म्हणून मी अकाउंट्सच्या खोलीत सहज डोकावले. ताई एन्ट्री करत होत्या. डाव्या हाताखाली व्हाउचरचा गठ्ठा, उजवा हात नंबर पॅडवर, हे चित्र मी कितीतरी वेळा बघितलेलं, पण त्यात काहीतरी खटकत होतं आणि काय ते आधी कळेना. मग लक्षात आलं की त्या सारखी मान वर करत होत्या. एक व्हाउचर भरलं की मान वर, स्क्रीनचा उजवा कोपरा शोधायचा, तिथे हिरवी पट्टी क्षणभर येऊन जाते ती दिसली का बघायचं, मग मान खाली, कागदावर कुठे होतो ते बोटाने पुन्हा शोधायचं, मग पुढचं. मला दारात बघून त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, आवाज गेला का गं?"

मी म्हटलं, कसला आवाज?

"टुक् वाजायचं की, एन्ट्री गेली की. आता मला कसं कळायचं गेली ते?"

बघते म्हणाले आणि जागेवर परत आले. बघण्यासारखं खरं तर काही नव्हतं. तो आवाज कुठे गेला ते मला पक्कं माहीत होतं, मीच काढला होता.

जुना प्रोग्राम फॉक्सप्रोमध्ये, म्हणजे डेटा सांभाळायच्या एका जुन्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेला, त्यात सेव्हच्या शेवटाला एक ओळ होती. दोन प्रश्नचिन्हं, पुढे सीएचआर, कंसात सात. एवढंच. सहा महिन्यांपूर्वी आम्ही सगळा जुना कोड ओळ न् ओळ वाचून एक भलीमोठी शीट केली होती, प्रत्येक गोष्टीपुढे ठेवायचं, बदलायचं किंवा टाकायचं, आणि शेजारी कारण. ही ओळ आली तेव्हा संध्याकाळ झालेली, डोळे चुरचुरत होते, मी 'टाकायचं' केलं आणि कारणात लिहिलं 'गरज नाही'. पाच सेकंदसुद्धा लागले नसतील. सात नंबरचं अक्षर म्हणजे बेल. संगणकात प्रत्येक अक्षराला एक नंबर असतो, त्याच्या कोष्टकात दिसणारी अक्षरं सुरू व्हायच्या आधी काही न दिसणारी अक्षरं असतात, ओळ संपली, पान सोड, असे हुकूमच ते, त्यातलंच हे एक. १९६३ मध्ये आस्की नावाचं ते कोष्टक ठरलं तेव्हापासून ते सात नंबरवर आहे, पण टेलिप्रिंटरच्या कोडमध्ये ते त्याच्याही आधीपासून होतं आणि तिथे ते खरोखरची घंटा वाजवायचं, यंत्रापासून लांब दुसऱ्या कामात असलेल्या माणसाला कळावं की काहीतरी आलंय, इकडे बघ. पुढे टेलिप्रिंटर गेले, घंटा गेली, तेच अक्षर पीसीच्या छोट्या स्पीकरमधून वाजायला लागलं. इतक्या यंत्रांमधून ते हातोहात पुढे आलं आणि माझ्या शीटमध्ये येऊन थांबलं.

ते पाच सेकंद काही केल्या डोक्यातून जाईनात.

मला तो जुना प्रोग्राम पहिल्यांदा बघितला तेव्हा आवडला नव्हता, हे मोकळेपणाने सांगते. निळा पडदा, दुहेरी रेघांच्या चौकटी, तळाला एका ओळीत कुठली एफ-की दाबली की काय होतं ते. माऊस नाहीच. मी शिकले तेव्हापासून सगळं ब्राउझरमध्येच केलेलं, मला वाटलं हे अजून चालू कसं आहे. चालू होतं ते कोपऱ्यातल्या एका मशीनवर, कारण ६४ बिटच्या विंडोजवर डॉसचा प्रोग्राम चालत नाही, म्हणून ३२ बिटची विंडोज असलेलं एक जुनं मशीन जिवापाड जपलेलं, त्याच्या बटणावर चिकटपट्टीने लावलेला कागद, 'बंद करू नये'. तो कागदसुद्धा कडेने पिवळा पडला होता. खोलीत शिरल्या शिरल्या त्याच्या पंख्याची घरघर ऐकू यायची आणि एखाद्या दिवशी ती वाढली की सगळे जरा गप्प व्हायचे. फॉक्सप्रो २.६, म्हणजे १९९४ चं. ते बनवणारी फॉक्स सॉफ्टवेअर ही कंपनी मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्येच घेतली होती, पुढे व्हिज्युअल फॉक्सप्रो आलं, त्याची नववी आवृत्ती २००४ मध्ये आली, २००७ मध्ये त्यांनी सांगून टाकलं की दहावी येणार नाही, आणि जानेवारी २०१५ मध्ये उरलासुरला सपोर्टपण संपला. आमच्या कोपऱ्यात मात्र १९९४ च चालू होतं, रोज सकाळी लॉगिन मागत होतं.

मग एक आठवडा मी ताईंच्या शेजारी खुर्ची टाकून बसले, स्क्रीन समजून घ्यायला. तेव्हा माझं मत जरा हललं. त्या स्क्रीनकडे बघतच नव्हत्या. नजर कागदावर, बोटं नंबर पॅडवर, तारीख, एन्टर, खात्याचा नंबर, एन्टर, रक्कम, एन्टर, एन्टर, टुक्. पुढचा कागद. खात्यांचे नंबर पाठ. काही चुकलं तर दोनदा टुक् टुक् वाजायचं, तेव्हाच काय ती मान वर व्हायची. मी घड्याळ लावलं नव्हतं पण कागद उलटायचा आवाज आणि तो टुक् यांची एक लय लागलेली असायची, जात्यावर बसलेल्या बाईची असते तशी, आणि खोलीतले बाकीचे लोक त्या लयीवरून ओळखायचे की आज ताईंचं काम किती राहिलंय. हे सगळं मी ऐकलं होतं. आठवडाभर शेजारी बसून ऐकलं होतं. आणि माझ्या वहीत त्या आठवड्याच्या पानांवर काय आहे, तर फिल्डची नावं, व्हॅलिडेशन, कुठल्या फिल्डला किती आकडे. आवाजाबद्दल एक शब्द नाही.

कुणी म्हणेल मग ते जुनंच का नाही ठेवलं. मला हा प्रश्न जुन्याच्या प्रेमात पडून विचारलेला आवडत नाही. ठेवता येत नव्हतं. फॉक्सप्रो डेटा ठेवतं ती डीबीएफ फाइल २ जीबीच्या पुढे जात नाही आणि लेजरची फाइल त्या भिंतीच्या जवळ पोचली होती, दरवर्षी जुनी वर्षं कापून बाजूला ठेवायची आणि जुना हिशोब कुणी मागितला की ती परत जोडून बघायची, असं चाललेलं. बॅकअप म्हणजे संध्याकाळी एक माणूस हार्ड डिस्क लावायचा आणि आठवणीने काढून न्यायचा, तो रजेवर गेला की बॅकअपपण रजेवर. त्या मशीनचा मदरबोर्ड गेला असता तर तसा दुसरा मिळवणं अवघड होतं, आणि नवीन वेगवान मशीनवर जुनं फॉक्सप्रो सुरू होतानाच शून्याने भागाकाराची एरर देऊन पडतं, म्हणजे यंत्र जास्त चांगलं झालं हीच त्याची अडचण. हे क्लाउडवर न्यायलाच हवं होतं आणि नेलं ते बरं केलं, आजही तेच म्हणेन. रात्री दोनला डिस्क गेली तरी डेटाची दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी उभी आहे हे माहीत असताना येणारी झोप वेगळी असते.

पण न्यायचं म्हणजे काय न्यायचं, हा प्रश्न मला तेव्हा फार सोपा वाटला होता. डेटा न्यायचा, नियम न्यायचे, रिपोर्ट न्यायचे.

आधी आम्ही सगळ्यात सोपी वाट धरून बघितली. आहे तसं उचलायचं आणि तिकडे ठेवायचं. फाइली क्लाउडवरच्या शेअरवर, प्रोग्राम इथेच ऑफिसात, मध्ये नेटवर्क. एक रिपोर्ट चालवला आणि खुर्चीत टेकून बसलो. एरवी चहा प्यायच्या आत येणारा रिपोर्ट येईचना. कारण साधं होतं, कागदावर मांडल्यावर लाज वाटावी इतकं साधं. तो प्रोग्राम एकेक रेकॉर्ड फाइलमधून मागून घ्यायचा, एक मागायचा, बघायचा, दुसरा मागायचा. रिपोर्टला चाळीस हजार फेऱ्या. फाइल त्याच खोलीतल्या मशीनवर असते तेव्हा एका फेरीला अर्धा मिलिसेकंद धरला तरी वीस सेकंदांत काम होतं. तीच फाइल लांब गेली, फेरीला ३० मिलिसेकंद लागायला लागले, की वीस मिनिटं. प्रोग्राममध्ये एक अक्षर बदललेलं नाही, फक्त अंतर वाढलं. संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर व्याख्यानांना जाताना तारेचे तुकडे घेऊन जायच्या, प्रत्येक साधारण ३० सेंटिमीटरचा, एका नॅनोसेकंदात वीज जास्तीत जास्त एवढंच अंतर जाऊ शकते म्हणून, आणि बड्या बड्या अधिकाऱ्यांच्या हातात तो तुकडा द्यायच्या. ज्यांच्या कामातून कोबोल ही प्रोग्रामिंगची भाषा उभी राहिली त्या बाई, पण मला त्या तारेसाठीच जास्त आठवतात. क्लाउड हा शब्द असा आहे की वाटतं ते कुठेच नाही, हवेत आहे. ते कुठेतरी जमिनीवरच असतं, ठरावीक अंतरावर, आणि प्रत्येक फेरीला ते अंतर कापावं लागतं. मग फेऱ्याच कमी करायच्या, म्हणजे रेकॉर्ड एकेक न मागता प्रश्न तिकडेच पाठवायचा आणि उत्तर तेवढं आणायचं, म्हणजे प्रोग्राम नव्याने लिहायचा. उचलून ठेवणं तिथेच संपलं.

मग डेटा काढायला घेतला आणि मेलेले रेकॉर्ड उठून बसले. ही गोष्ट मी कुणालाही सांगते तेव्हा आधी ते हसतात आणि मग गप्प होतात. डीबीएफमध्ये रेकॉर्ड डिलीट केला म्हणजे तो जात नाही. प्रत्येक रेकॉर्डच्या अगदी सुरुवातीला एका अक्षराची जागा असते, तिथे रिकामी जागा असेल तर रेकॉर्ड जिवंत, फुली मारल्यासारखा तारा असेल तर डिलीट झालेला. बाकीचं नाव, रक्कम, तारीख, सगळं तसंच तिथे पडून. पॅक नावाची कमांड चालवली तरच ते खरोखर निघतात, आणि पॅक चालवताना लाइट गेले तर फाइलच हातची जाईल या भीतीने ते कुणी कित्येक वर्षं चालवलंच नव्हतं. आम्ही वापरलेल्या टूलने तो तारा बघितलाच नाही, सगळे रेकॉर्ड भरून घेतले, आणि नव्या डेटाबेसमध्ये रद्द झालेली व्हाउचरं, दुबार पडलेल्या एन्ट्र्या, कधीच बंद झालेली खाती, सगळी रांगेत उभी. ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे-जमेचा ताळा, जुळेना तेव्हा कळलं. एक एक रेकॉर्ड बघताना विचित्र वाटत होतं, वीस वीस वर्षांपूर्वीच्या चुका, कुणीतरी चूक कळल्याबरोबर घाईने पुसलेल्या, आणि पुसल्या म्हणून निर्धास्त झालेलं ते माणूस. मी ते रेकॉर्ड नव्या डेटाबेसमध्ये नेले नाहीत. पण जुन्या फाइली आहेत तशा एका बाजूला, फक्त वाचता येतील अशा ठेवून दिल्या. आमच्यातला एक जण म्हणाला कशाला, कोण बघणार आहे. मला टाकवेनात.

दोन महिने पॅरलल रन. सगळ्या एन्ट्र्या दोन्हीकडे, ताईंना तेच काम दोनदा, त्यांनी एकदाही कुरकुर केली नाही हे इथे लिहून ठेवायलाच हवं. रोज संध्याकाळी दोन्हीकडचे रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून तिसऱ्या कॉलममध्ये फरक काढायचा, तो शून्य यायला हवा. एकदा ०.०३ आला, दुसऱ्या दिवशी शून्य, मग ०.०१, मग चार दिवस शून्य. मोठा फरक आला तर बरं असतं, तो सापडतो. हा सापडेना. शेवटी एक व्हाउचर हाताने मांडलं. ४६.९० चे ५ टक्के म्हणजे २.३४५. जुना प्रोग्राम शेवटचा पाच वर चढवायचा, २.३५. नवीन आम्ही डॉटनेटमध्ये लिहिलेलं, तिथे काही न सांगता राउंड केलं तर नेमका मधोमध आलेला आकडा जवळच्या सम अंकाकडे जातो, म्हणून २.३४. आणि २.३५५ असेल तर दोघंही २.३६ च म्हणतात, म्हणून फरक कधी यायचा कधी नाही. सम अंकाकडे जायची पद्धत चुकीची नाही बरं का, हजारो आकड्यांची बेरीज करताना सगळे पाच वरच चढवले तर बेरीज हळूहळू फुगते, ते टाळायला ती पद्धत आहे, तिला बँकर्स राउंडिंगच म्हणतात. मी त्यावर वाद घातला, आपलं जास्त शास्त्रशुद्ध आहे म्हणून. ताई म्हणाल्या, "असेल गं, पण गेल्या वर्षीचं बिल ज्याच्याकडे आहे तो हे शेजारी धरून बघेल ना." मी एका ओळीत बदल केला आणि पाच वर चढायला लागला. फरकाचा कॉलम शून्य झाला तो पुन्हा हलला नाही.

वेळेची गंमत त्या मानाने लवकर सापडली. क्लाउडवरची मशीनं युटीसीने, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेने चालतात, जुनं मशीन भिंतीवरच्या घड्याळाने चालायचं, त्यामुळे रात्रीचा डे-एन्ड भलत्याच वेळी लागला आणि एका दिवसाच्या एन्ट्र्या दोन दिवसांत वाटल्या गेल्या. तासाभरात कळलं, दुरुस्त केलं.

मोठा वाद झाला तो कटओव्हरवरून, म्हणजे जुन्यावरून नव्यावर कसं जायचं त्यावरून. एका शनिवार-रविवारी सगळं हलवायचं आणि सोमवारी नवीन, की थोडं थोडं. एका झटक्यात करू म्हणणाऱ्यांचंही खरं होतं, दोन्हीकडे सांभाळत बसण्याचा वैताग आम्ही भोगत होतोच. माझ्या डोक्यात मात्र टीएसबीचं उदाहरण घट्ट बसलेलं. ब्रिटनमधली ती बँक, एप्रिल २०१८, एका वीकेंडला ५२ लाख ग्राहकांचे व्यवहार जुन्या प्लॅटफॉर्मवरून नव्यावर नेले, डेटा व्यवस्थित गेला, आणि तरी पहिल्या दिवसापासून प्लॅटफॉर्मच कोलमडला. १९ लाखांपर्यंत लोकांना आपलं खातं उघडता येईना, सगळं पूर्वीसारखं सुरळीत व्हायला डिसेंबर उजाडला, पुढे २०२२ मध्ये नियामकांनी ४.८६५ कोटी पौंडांचा दंड लावला. डेटा व्यवस्थित गेला, हे मला त्यात सगळ्यात भीतिदायक वाटतं, कारण आम्ही तपासत होतो तो डेटाच. सॉफ्टवेअरवर लिहिणाऱ्या मार्टिन फाउलरने २००४ मध्ये एका वेगळ्या पद्धतीला 'स्ट्रँगलर' असं नाव दिलं होतं, क्वीन्सलंडच्या जंगलात त्याने बघितलेल्या झाडांवरून, दुसऱ्या झाडाच्या शेंड्यावर रुजतात, मुळं खाली सोडत जमिनीला टेकवतात आणि हळूहळू आतल्या झाडाची जागा घेतात. आपल्याला हे समजावून सांगायला नको, भिंतीच्या फटीत उगवलेला पिंपळ सगळ्यांनी बघितलाय. आम्ही तसंच केलं. आधी रिपोर्ट नवीनकडे, मग मास्टर, म्हणजे खात्यांच्या मूळ याद्या, मग एकेक प्रकारची व्हाउचरं, आणि एन्ट्रीचा मुख्य स्क्रीन सगळ्यात शेवटी. म्हणून ताईंचा आवाज सगळ्यात शेवटी गेला.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करते, नाहीतर वाटेल की माझं म्हणणं जुनं काहीच काढू नये असं आहे. नाइट कॅपिटल या शेअरबाजारात सौदे करणाऱ्या अमेरिकन कंपनीचं काय झालं ते आमच्या धंद्यातल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. १ ऑगस्ट २०१२, नवीन कोड आठपैकी सात सर्व्हरवर टाकला, आठव्यावर राहिला, आणि त्या आठव्यावर २००३ पासून कुणी न वापरलेला एक जुना तुकडा तसाच पडून होता, त्याला जागं करणारा जुना फ्लॅगच, म्हणजे चालू-बंदची खूणच, नव्या कामाला वापरलेली. बाजार उघडल्यावर ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरच्या वर नुकसान. पडून राहू दे, काय बिघडतंय, असं म्हणून ठेवलेला तो कोड होता. म्हणजे न कळता ठेवणं आणि न कळता काढणं यात मला तरी फार फरक दिसत नाही. आमच्या शीटमध्ये 'टाकायचं' असलेल्या चारशेच्या वर ओळी होत्या, त्यातल्या बहुतेक काढल्या ते योग्यच, प्रिंटरचे जुने कोड, कुणीच न उघडणारे मेन्यू, दोन अंकी वर्षाचे जुगाड. मला डाचतंय ते 'गरज नाही' हे कारण. कुणाला विचारून लिहिलं होतं मी?

तर परत आवाजाकडे. चौथ्या दिवशी मी म्हटलं आवाज परत टाकू, अर्ध्या तासाचं काम. सोबतचा मुलगा म्हणाला एन्टर दाबल्या दाबल्या वाजवू, फटकन वाजेल, त्यांना जुन्यासारखं वाटेल. खरं होतं त्याचं. नव्या स्क्रीनमध्ये आम्ही एन्टर दाबल्याबरोबर फॉर्म रिकामा करतो आणि एन्ट्री मागच्या मागे सर्व्हरला पाठवतो, म्हणजे वापरणाऱ्याला थांबावं लागत नाही. तिथेच आवाज जोडला की झालं. मी कोड लिहायला घेतला आणि हात अडखळला. जुन्यात तो नेमका कधी वाजायचा?

जुना प्रोग्राम उघडला. ह्या वेळी त्या ओळीच्या वरच्या ओळीही वाचल्या. रिप्लेस, म्हणजे रेकॉर्डमध्ये मजकूर भरला. मग फ्लश, म्हणजे मेमरीत जे आहे ते डिस्कवर उतरव. मग लॉक सोडलं. आणि मग घंटा. त्या फोल्डरमध्ये त्याच प्रोग्रामच्या जुन्या प्रती पण होत्या, ओल्ड, ओल्ड-वन, फायनल, फायनल-टू अशा नावांच्या, तशा सगळीकडेच असतात. सगळ्यात जुन्या प्रतीत घंटा आधी होती. रिप्लेस, घंटा, अनलॉक, आणि फ्लश नव्हताच. पुढच्या प्रतीत फ्लश आलेला आणि घंटा त्याच्या खाली उतरलेली. कुणीतरी ती ओळ मुद्दाम तिथून उचलून इथे ठेवली होती. मी बराच वेळ त्या दोन फाइली शेजारी शेजारी लावून बघत बसले. ज्याने हे लिहिलं त्याला मी कधी बघितलेलं नाही, मी यायच्या कितीतरी आधी तो गेला, त्याच्या कोडला मी आमच्या मीटिंगमध्ये काय काय म्हटलंय ते आठवून घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी ताईंना विचारलं. त्यांना लगेच आठवलं. "हो गं, एकदा लाइट गेले होते. वाजलं होतं सगळ्यांचं, मी कागद उलटून पुढे गेलेले, आणि मशीन सुरू केल्यावर शेवटच्या सात-आठ एन्ट्र्याच नाहीत. मी त्याला खूप बोलले तेव्हा. म्हटलं वाजलं म्हणजे गेलं असं तूच सांगितलंस ना. काही बोलला नाही बिचारा, संध्याकाळी उशिरापर्यंत बसला. मग परत कधी नाही झालं तसं." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "चांगला होता पोरगा."

मी एन्टरवर आवाज जोडला नाही. सर्व्हरवर एन्ट्री पोचली, डेटाबेसमध्ये कमिट, म्हणजे कायमची नोंद झाली, तिकडून झालं असं उत्तर आलं, की मगच वाजणार. चुकलं तर दोनदा. सोबतच्या मुलाने मोजून दाखवलं, एन्टर आणि आवाज यांच्यात पाव सेकंदाच्या आसपास जातोय, जुन्यात असं अंतर जाणवायचंच नाही, त्यांची लय बिघडेल. ती भीती मलाही होती. आवाज कुठला हाही प्रश्न होता, आम्ही पाच-सहा बनवून नेले, आमच्या कानाला गोड वाटणारे. ताईंनी डोळे मिटून ऐकले आणि सगळे नको म्हणाल्या, मग शेवटी अगदी साधा, कोरडा, एका सुराचा आखूड आवाज वाजवला तर म्हणाल्या, हा जरा तसा आहे. तोच ठेवला.

आठवड्याने पुन्हा त्या खोलीत गेले. कोपऱ्यातलं मशीन बंद करून भिंतीशी सरकवलेलं, बटणावरचा कागद अजून तसाच, आणि पंखा नसल्यामुळे खोली इतकी शांत की कागद उलटल्याचा आवाजसुद्धा दारापर्यंत येत होता. ताईंची नजर व्हाउचरवर होती. एन्टर, एन्टर, आणि मग अगदी किंचित थांबून टुक्. कागद. एन्टर, एन्टर, टुक्. ते किंचित थांबणं त्यांनी कागद उलटायच्या हालचालीत बसवून घेतलं होतं, आधी आवाजानंतर उलटायच्या, आता कागदाची कड उचलून धरायच्या आणि वाजलं की सोडायच्या. मी दारातच उभी राहिले. मध्ये नेटवर्क जरा रेंगाळलं असावं. एन्टर दाबलं, आणि काही वाजलं नाही. त्यांनी मान वर केली नाही. कागदाची कड दोन बोटांत तशीच उचललेली, दुसरा हात नंबर पॅडच्या वर अधांतरी, त्या ऐकत राहिल्या.

मग वाजलं, आणि त्यांनी कागद सोडला.